तेच गंजकं पोलाद, तीन शहरं

शहराला 'ओळख' द्यायची म्हटलं की हल्ली सगळीकडे एकच फॉर्म्युला दिसतो, नदीकाठी नाहीतर चौकात शहराच्या नावाची माणसाच्या उंचीची अक्षरं, मधे एक लाल बदाम, रात्री लायटिंग आणि उद्घाटनाला फीत. अरे, नावाची पाटी लावून ओळख तयार होत असती तर ते काम रेल्वे स्टेशनांनी कधीच उरकलं असतं ना! ॲमस्टरडॅममधली राइक्सम्युझियमसमोरची 'आय ॲमस्टरडॅम' अक्षरं हे या फॅशनचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्याच कौन्सिलने ती तिथून उचलून नेली. एक तर टुरिस्टांची झुंबड आवरेना, आणि दुसरं म्हणजे एका नगरसेविकेचं म्हणणं होतं की शहर सगळ्यांचं असताना या घोषणेत 'मी मी'च जास्त आहे. मला तर बाईंचं एकदम पटलं.

आता लगेच कुणी म्हणेल की याला कलेचं वावडं आहे. तसं काही नाही, उलट मला वाटतं शहर आपलं वाटायला रस्त्यावरची एखादी गोष्ट जेवढी उपयोगी पडते तेवढं म्युझियममधलं काही पडत नाही, कारण म्युझियमला ठरवून जावं लागतं आणि चौकातलं शिल्प ऑफिसला जाताना, भांडून घरी येताना, मूड नसतानाही समोर येतंच. पण ते आपलं होतं कधी? शिल्प बसवतात त्या दिवशी ते कुणाचंच नसतं (फार तर फीत कापणाऱ्याचं असतं), पुढे लोक त्याच्यासोबत काय करतात आणि त्यांना काय करू दिलं जातं त्यावर सगळं ठरतं, असं माझं मत.

कसं ते सांगतो. कॉर-टेन नावाचं एक पोलाद असतं, ते मुद्दाम गंजू देतात, वरचा गंजाचा थर घट्ट बसला की तोच आतल्या पोलादाला सांभाळतो म्हणून रंग द्यायची गरज पडत नाही. दिसायला विटकरी-तपकिरी, सुंदर वगैरे म्हणावं असं नाही. या एकाच पोलादाची तीन शिल्पं तीन शहरांत उभी राहिली आणि तिघांचं नशीब बघा किती वेगळं.

पहिलं शिकागोचं, १९६७ सालचं, पिकासोचं. ५० फूट उंच, नाव काहीच दिलेलं नाही, बाई आहे की कुत्रा की माकड कुणाला कळेना. पिकासो शिकागोला आयुष्यात कधी गेला नव्हता, मानधनही त्याने घेतलं नाही, डिझाइन शहराला भेट म्हणून दिलं. लोकांनी यथेच्छ नाकं मुरडली, जॉन होलेन नावाच्या नगरसेवकाने तर सांगितलं की हे काढा आणि इथे आपल्या बेसबॉलवाल्या अर्नी बँक्सचा पुतळा उभा करा. (हा माणूस जगातल्या प्रत्येक कॉर्पोरेशनमध्ये एक तरी असतोच.) पण शिल्पाच्या पायथ्याला पोलादाचा एक उतार होता आणि पोरांनी त्याची घसरगुंडी करून टाकली. वरून सर्रकन खाली, परत वर, परत खाली, आणि कुणी शिट्ट्या मारून हाकललं नाही. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं तिथेच घसरली. आज ते काढायचं म्हणून बघा कुणी, शहर अंगावर येईल.

दुसरं न्यूयॉर्कचं. १९८१, रिचर्ड सेरा, 'टिल्टेड आर्क'. सरकारी ऑफिसांपुढचं मोकळं पटांगण आणि त्याच्या मधोमध १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली पोलादी भिंत. सेराचा हेतू असा की माणूस चालताना जागेचं भान ठेवून चालेल, आणि शिल्पकार म्हणून तो थोर होताच, प्रश्नच नाही. पण रोज तिथे कामाला येणाऱ्याला त्या भानाचं काय घेणंदेणं, त्याला एवढंच कळलं की काल सरळ जात होतो आणि आज वळसा घालायचा. तक्रारीच्या अर्जावर १,३०० जणांनी सह्या केल्या. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली तिथे मात्र गंमत झाली, १८० जण बोलले त्यात १२२ म्हणाले ठेवा आणि ५८ म्हणाले काढा, तरी समितीने ४ विरुद्ध १ अशा मतांनी काढायचा निर्णय दिला, सेरा कोर्टात जाऊन हरला आणि मार्च १९८९ मध्ये रातोरात ते शिल्प सुटं करून उचलून नेलं. रात्री उचललं ते मला आजही खटकतं. पण सुनावणीचा तो आकडा मी विसरू शकत नाही, कारण सुनावणीला बोलायला कोण येतं, तर ज्याला बोलता येतं तो. वळसा घालणारा सही करून कामाला जातो.

तिसरं इंग्लंडमधल्या गेट्सहेडचं, अँटनी गॉर्मलीचं 'एंजल ऑफ द नॉर्थ', १९९८. वीस मीटर उंच, पंखांचा पसारा ५४ मीटर, म्हणजे जंबो जेटच्या जवळपास. यालाही आधी प्रचंड विरोध, पैसा वाया घालवताय, ड्रायव्हरांचं लक्ष उडेल, सगळं झालं. उभं राहून काही महिनेच झाले होते आणि शेजारच्या न्यूकॅसलची फुटबॉल टीम न्यूकॅसल युनायटेड एफए कपच्या फायनलला पोचली, तर तिथल्या फॅन लोकांनी टीमच्या ॲलन शिअररच्या नऊ नंबरची भलीमोठी जर्सी शिवून घेतली आणि दोऱ्या टाकून देवदूताच्या अंगावर चढवली. पोलिसांनी थोड्याच वेळात ती उतरवायला लावली, मॅचही न्यूकॅसल हरली, पण ते पोलाद गेट्सहेडचं झालं ते माझ्या मते त्याच दिवशी. जागाही अशी की तिथे खाली पूर्वी कोळशाची खाण होती, ज्या लोकांचे आजे-पणजे त्या जमिनीत उतरले त्यांच्या डोक्यावर ते उभं आहे, त्यामुळे त्यांना अर्थ समजावून सांगायला बोर्ड लागला नाही.

पोलाद तेच, गंज तोच, शिल्पकार तिन्ही नावाजलेले. फरक एवढाच की दोन ठिकाणी लोकांना त्या वस्तूशी मस्ती करता आली आणि एका ठिकाणी फक्त वळसा घालता आला. भांडण तर तिन्हीकडे झालं, त्यामुळे एखाद्या म्युरलवरून, म्हणजे भिंतीवरच्या चित्रावरून, वाद झाला की 'प्रोजेक्ट फसला' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, उलट ज्याच्यावर कुणी चकार शब्द काढत नाही ते फसलेलं असतं, फ्लायओव्हरच्या पिलरवरची ती फुलपाखरं आणि इंद्रधनुष्यं, कुणी बघतं का?

पिलरवरून आठवलं, सॅन दिएगोचं चिकानो पार्क. तिथली बॅरियो लोगन ही मेक्सिकन-अमेरिकन लोकांची वस्ती आधी हायवेने चिरली, मग १९६९ मध्ये सुरू झालेल्या कोरोनाडो पुलाचे खांब तिच्या डोक्यावर येऊन बसले. पुलाखाली बाग करून देऊ म्हणाले होते, आणि २२ एप्रिल १९७० ला बघतात तर हायवे पोलिसांच्या स्टेशनसाठी बुलडोझर आलेले. लोक धावले, पोरंबाळं, बायका, विद्यार्थी सगळे, बुलडोझरसमोर उभे राहिले, बारा दिवस जागा सोडली नाही, हातांनीच झाडं लावायला सुरुवात केली, आणि बाग मिळवली. चित्रं नंतर आली, १९७३ पासून, ज्या खांबांनी वस्ती तोडली त्याच खांबांवर. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथे ओळख आधी होती आणि चित्राने ती फक्त भिंतीवर आणली, आपल्याला नेमकं उलटं हवं असतं, आधी पेंट मारा, मग वस्तीला अभिमान वाटेल!

बरं, दरवेळी खालूनच उगवायला हवं असंही नाही. अल्बेनियाची राजधानी तिरानाचा तेव्हाचा महापौर एदी रामा हा मुळात चित्रकार, २००० मध्ये निवडून आल्यावर त्याने राखाडी पडक्या बिल्डिंगांना भडक नारिंगी वगैरे रंग द्यायला लावले, आधी विचारत बसला नाही. लोक चहूकडून तुटून पडले. नंतर पोल घेतला तर ज्यांना रंग आवडले नव्हते त्यातल्या बऱ्याच जणांनीही चालू ठेवा म्हणून सांगितलं, असं त्यानेच एका भाषणात सांगितलंय. पण तिथे रंगासोबत बेकायदा बांधकामं हटवणं, झाडं लावणं हेही झालं, नुसता डबा आणि ब्रश नव्हता.

आता यातली कडू बाजू. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये ब्लू नावाच्या कलाकाराने २००७-०८ मध्ये दोन प्रचंड भिंती रंगवल्या होत्या, एकीवर टायवाला माणूस, दोन्ही मनगटांत सोन्याची घड्याळं आणि ती साखळीने जोडलेली, म्हणजे बेडीच. पोस्टकार्डांवर, टुरिस्टांच्या फोटोंत तीच. मग भाडी वाढायला लागली, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम येणार ठरलं, आणि आपलंच चित्र त्या भागाची जाहिरात करतंय हे बघून डिसेंबर २०१४ मध्ये कलाकाराच्या संमतीने दोन्ही भिंती काळ्या रंगाने फासून टाकल्या. हा निर्णय मला अर्धाच पटतो. राग समजतो, पण प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिलीच आणि शेजारच्या भाडेकरूच्या हातात ना स्वस्त घर राहिलं ना चित्र. म्हणून म्युरलमुळे भाडी वाढतात हे आर्टिस्टच्या गळ्यात मारणाऱ्यांशी मी वाद घालतो, भाडं आवरायचं काम कॉर्पोरेशनचं आणि सरकारचं आहे, ते त्यांनी ब्रशवाल्याकडून करून घ्यायची अपेक्षा ठेवू नये.