गुणपत्रिकेचं वकीलपत्र

निकाल लागला. तुम्ही ते पान तीनदा उघडलंत, आसनक्रमांक पुन्हा टाकून पाहिलात, चुकून दुसऱ्याचाच निकाल दिसत असेल अशी आशा धरलीत. पण नाव तुमचंच, जन्मतारीखही तुमचीच. थोड्या वेळाने घरातलं कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणेल, "बोलायला मात्र पटाईत आहे. वकिली कर म्हणावं." या वाक्यावर शंका घेऊ नका. भरपूर बोलणाऱ्या आणि बेताचे गुण मिळालेल्या माणसांची सोय लावायलाच तर विद्यापीठांनी कायद्याचा अभ्यासक्रम काढला. बोलोन्याचं विद्यापीठ कायद्याच्या शिकवणीतूनच उभं राहिलं आणि त्याचं स्थापनावर्ष परंपरेने 1088 सांगतात. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षं ही मंडळी तुमचीच वाट बघत थांबली आहेत.

तर कायद्याच्या प्रवेशअर्जाच्या कामाला लागू. गुणपत्रिका ही तुमची पहिली अशील. अशील दोषी आहे हे वकिलाला आतून ठाऊक असलं तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये, तेवढं सांभाळा.

विरुद्ध पक्ष काय म्हणेल, ते आधीच ऐकून ठेवा. 1863 मध्ये इंग्लंडात एक खटला गाजला होता. लिव्हरपूलमधल्या रस्त्याने एक माणूस चालला होता आणि वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप त्याच्या अंगावर आलं. ते कसं पडलं हे सांगायला साक्षीदार नव्हता. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार कशाला हवा, गोदामातून पिंपं आपली आपण पडत नसतात. 'रेस इप्सा लॉक्विटर', म्हणजे घडलेली गोष्टच काय ते सांगते. प्रवेश समिती तुमची गुणपत्रिका हातात घेऊन नेमकं हेच म्हणणार. मराठीत पिंपंही पडतात आणि गुणही पडतात, ही आपल्या भाषेची या बाबतीतली मोठीच गैरसोय. तरी घाबरू नका. तुम्ही पिंप सोडणारे नाही, पिंपाखाली सापडलेले आहात, अशी भूमिका घ्या. पेपर अवघड होता, तपासणारा कडक होता, पर्यवेक्षकाचे बूट वाजत होते. इतिहासात 41 पडले, पण ते तुमच्यावर पडले.

आमचा भाचा या बाबतीत फारच पुढचा निघाला. त्याने गुणपत्रिकेचा फोटो काढण्याआधी तिला एक घडी घातली, नखाने दाबून पक्की केली आणि पुन्हा उलगडली. घडी बरोबर इतिहासाच्या ओळीवरून गेली होती. मग टेबलाजवळचा दिवा तिरका केला. 41 मधला चार त्या सावलीत असा काही बसला की एखाद्या दयाळू माणसाला तो नऊ वाटावा. मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मला चारच दिसला. "तुम्हाला आधीच माहीत आहे ना मामा, म्हणून," तो म्हणाला. साक्षीदार पूर्वग्रहदूषित ठरवण्याचं हे तंत्र त्याला कुणी शिकवलं, देव जाणे.

यानंतर येतं ते 'मला कायदा का शिकायचा आहे' हे निवेदन. सुरुवात 'लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे' या वाक्यानेच करा. वाचणाऱ्याने त्या दिवशी हे वाक्य अनेकदा वाचलेलं असतं, त्यामुळे त्याला परक्यासारखं वाटत नाही. पुढे गोगलगाय आणा. स्कॉटलंडमधल्या एका बाईंना 1928 मध्ये ओळखीच्या व्यक्तीने आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली, त्यात कुजलेली गोगलगाय निघाली म्हणून बाईंनी उत्पादकावर दावा लावला, आणि 1932 मध्ये तेव्हा शेवटचं अपील ऐकणाऱ्या लॉर्डांच्या सभागृहाने निष्काळजीपणाच्या कायद्याला वळण देणारा निकाल दिला. कायद्याच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ही गोगलगाय भेटते आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच पहिल्यांदा भेटली. बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. लॉर्डांनी, समजा होती, असं धरून कायद्याचा मुद्दा तेवढा ठरवला आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं. पण ही माहिती तुमच्याकडे असण्याचं कारण नाही. त्यासाठी वाचावं लागतं.

एक गोष्ट मध्येच सरळपणे सांगतो, लगेच विसरून जा. परीक्षेच्या वेळी कुणी खरोखरच आजारी असेल, घरात काही वाईट घडलं असेल, तर ते दोन ओळींत लिहावं, कागद जोडावा आणि शिक्षकांच्या शिफारसपत्रातही त्याचा उल्लेख करून घ्यावा. अशा अर्जांकडे समित्या नीट बघतात. पण तुम्हाला काय झालं होतं? सर्दी. तीही पेपर संपल्यावर.

तेव्हा आपण थोर माणसांकडे वळू. लिंकन यांचं सगळं शालेय शिक्षण मिळून जेमतेम वर्षभराचंही नव्हतं, लॉ कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही आणि 1836 मध्ये त्यांना वकिलीचा परवाना मिळाला. हे लिहा आणि तिथेच पूर्णविराम द्या. ते ब्लॅकस्टोनचे कायद्याचे ग्रंथ घेऊन एकट्याने बसले होते, हे लिहायला गेलात तर उगाच विषयांतर होईल. इंग्लंडचे नावाजलेले न्यायमूर्ती डेनिंग यांनी आधी गणितात पदवी घेतली होती, हेही लिहा. फक्त गणित आणि कायदा, दोन्हींत त्यांना पहिला वर्ग होता, तेवढं गाळा. माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र गांधीजींची आहे. 1888 ते 1891 या काळात ते लंडनला इनर टेंपल या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत होते. बॅरिस्टर व्हायचं तर बारा सत्रं भरावी लागत, आणि सत्र भरायचं म्हणजे त्या सत्रातल्या चोवीसेक मेजवान्यांपैकी निदान सहांना हजर राहायचं. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पीत नसल्यामुळे जो तो त्यांना आपल्या टेबलावर ओढायचा. बघा, हजेरीला मेजवान्या, वर लोकप्रियता! परीक्षाही तेव्हा सोपी मानली जायची. तरीही त्यांनी इंग्लंडच्या कॉमन लॉवर नऊ महिने घासले आणि रोमन कायदा थेट लॅटिनमधून वाचला. हा त्यांचा वैयक्तिक स्वभाव. तुम्ही मेजवान्यांपुरतंच अनुकरण करा.

प्रवेश परीक्षा असेल तर तिच्याकडे संशयाने बघा. नाव कायद्याच्या परीक्षेचं, आणि आत कायदाच नाही! ब्रिटनमधली काही विद्यापीठं एलनॅट घेतात. 95 मिनिटांत उतारे वाचून 42 प्रश्न, मग 40 मिनिटांत एक निबंध. कायद्याचं ज्ञान लागत नाही, असं तेच सांगतात. भारतातली क्लॅट म्हणजे दोन तासांत 120 प्रश्न. तिथेही उताऱ्यामागून उतारा, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. भाच्याने सरावाचा पहिला उतारा निम्मा वाचला आणि लेखकाशी वाद घालायला लागला. मुद्दे बिनतोड होते. लेखकाने तेच मुद्दे उरलेल्या निम्म्यात मांडले होते.

आडवाटही सुचवणारे लोक भेटतील. आधी दुसऱ्या विषयात चांगली पदवी मिळव, मग कायद्याकडे ये, भारतात तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी त्यासाठीच आहे, इंग्लंडातही कोणत्याही पदवीनंतर वकिलीकडे वळता येतं, वगैरे. ही माणसं तुमच्या वाईटावर आहेत. मधली तीन वर्षं तुम्हाला काहीतरी शिकावं लागेल, हे ते हळूच लपवतात.

मुलाखतीला बोलावलंच, तर गुणांचा विषय निघताच राज्यघटनेचा अनुच्छेद 20(2) काढा. एकाच गुन्ह्यासाठी कुणाला दोनदा शिक्षा करता येत नाही. तुम्हाला एकदा निकालाने झाली, दुसऱ्यांदा नातेवाइकांनी केली. ही तिसरी. समोरचे प्राध्यापक विचारतील की हा अनुच्छेद नेमका कुठल्या कार्यवाहीला लागू होतो. अशा वेळी मंद हसावं.

अर्ज भरून झाला की शेवटी एक बारीक चौकोन असतो. 'मी वरील सर्व सूचना व अटी काळजीपूर्वक वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' भाच्याने त्यात टिचकी मारायला अर्धा सेकंदही घेतला नाही. सूचना सात पानांच्या होत्या.

"वाचल्यास का रे?"

"मामा, त्या कुणी वाचत नसतं."

त्याने अर्ज पाठवला आणि मित्रांना कळवायला उठून गेला. मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. चौथ्या पानावर, अकराव्या क्रमांकाला होतं: गुणपत्रिका सपाट ठेवून, सर्व आकडे स्पष्ट दिसतील अशी स्कॅन करावी, घडीमुळे किंवा सावलीमुळे कोणताही आकडा संदिग्ध दिसल्यास अर्ज बाद समजण्यात येईल.