‘पेन टॅब्लेट कॅडसाठी निरुपयोगी’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत, की मनगट दुखतं म्हणून आमच्याकडून पेन टॅब्लेट (माऊसऐवजी पेनने कर्सर हलवायची पाटी) घेतला, पण ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये कर्सर उड्या मारतो, पॅन होत नाही (ड्रॉइंग धरून सरकवता येत नाही), डबल क्लिक लागत नाही; हे चित्रकारांचं खेळणं आहे आणि आम्ही ते तुमच्या गळ्यात मारलं. शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. मनगटाने हैराण झालेले इतर ड्राफ्ट्समनही हे वाचतील.

आधी कर्सरचं. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. टॅब्लेटवर मात्र पेन जिथे न्याल, स्क्रीनवर बरोबर तीच जागा पकडली जाते. तुमच्याकडे दोन मॉनिटर आहेत आणि मॅपिंग (टॅब्लेट स्क्रीनच्या कोणत्या भागाला जोडायचा ते सेटिंग) बदललेलं नसेल तर टॅब्लेट दोन्हींवर मिळून पसरलेला असतो. तुमच्या लहान मॉडेलची कामाची जागा 152 बाय 95 मिलिमीटर. दोन फुल एचडी स्क्रीन म्हणजे आडवे 3840 पिक्सेल. हात एक मिलिमीटर सरकला की कर्सर 25 पिक्सेल पळतो, आणि हात गोल फिरवला तर कर्सर लंबगोल फिरतो. यात कुणाचाही हात स्थिर राहणार नाही. टॅब्लेटच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एकच मॉनिटर निवडा, प्रमाण कायम ठेवण्याच्या पर्यायावर टिक करा आणि टॅब्लेटवरच्या एका बटणाला ‘डिस्प्ले टॉगल’ (पेन एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेणं) द्या. एवढ्यानेच निम्मा त्रास जाईल.

पॅनसाठी ऑटोकॅडला चाकाचं बटण दाबलेलं लागतं आणि पेनला चाक नसतं. पेनच्या खालच्या बटणाला ‘मिडल क्लिक’ द्या, टोक टॅब्लेटला न टेकवता बटण धरून पेन सरकवा. तरीही पॅन झालं नाही तर ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर एमबटनपॅन (MBUTTONPAN) टाइप करून किंमत 1 आहे ना ते बघा. वरच्या बटणाला डबल क्लिक द्या, कारण दोनदा टोक मारताना हात किंचित सरकतोच. टोक टेकवून ठेवल्यावर आपोआप राइट क्लिक होत असेल, तर विंडोजचं ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करा. झूमसाठी मी स्वतः माऊस डाव्या हाताला ठेवून फक्त त्याचं चाक वापरतो. दोन्ही एकाच वेळी चालतात, माऊस काढून टाकायची गरज नाही.

‘खेळणं’ हे मात्र मला मान्य नाही. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा संगणकावर ड्रॉइंग करायचा प्रोग्रॅम दाखवला, तो लाइट पेनने स्क्रीनवर रेषा काढूनच. पुढे ऑटोकॅडच्या सुरुवातीच्या काळात कागदी नकाशे डिजिटायझर टॅब्लेटवर (कागदावरचे बिंदू संगणकात नेणाऱ्या पाटीवर) ठेवून उतरवले जायचे. त्यासाठीची टॅब्लेट ही कमांड पुढच्या आवृत्त्यांतही टिकली. आणि कॅडमधली, म्हणजे संगणकावरच्या ड्राफ्टिंगमधली, अचूकता हाताची नसतेच, ती ऑब्जेक्ट स्नॅपची (कर्सर रेषेच्या टोकाला किंवा कोपऱ्याला आपोआप चिकटवणाऱ्या सोयीची) आणि टाइप केलेल्या मापांची असते. एफ3 बटणाने स्नॅप चालू केला असेल तर पेनचं टोक कोपऱ्याच्या जवळ नेलं तरी पुरतं.

टॅब्लेट प्रत्येकाला सोयीचा पडतो असं मी म्हणणार नाही. दिवसभर उजवीकडच्या नंबर पॅडवर मापं टाकणाऱ्याला पेन सतत खाली ठेवावा लागतो, त्याची चिडचिड होते. पेनच्या दाबाच्या हजारो पातळ्या झेडब्रश या थ्रीडी शिल्पकामाच्या प्रोग्रॅममध्ये दागिना घडवणाऱ्याला सोन्याच्या मोलाच्या, ऑटोकॅडच्या रेषेला त्यांचा काही उपयोग नाही. तुम्हाला टॅब्लेट सुचवला तो वेगासाठी नव्हे. माऊसवर तळवा पालथा राहून मनगट तासन्‌तास एकाच बाजूला वळलेलं असतं. पेन धरताना हात लिहितानासारखा राहतो, एवढ्याचसाठी. बोटांना मुंग्या येत असतील तर कोणत्याही उपकरणाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवशी काउंटरवर व्हर्टिकल माऊसही (तळवा पालथा न ठेवता, हात उभा ठेवून धरायचा) तुमच्यासमोर ठेवला होता. सेटिंग बदलून आठवडाभर वापरा. तरी जमलं नाही तर टॅब्लेट, पेन, केबल आणि जास्तीच्या निबा बॉक्ससकट आणा; व्हर्टिकल माऊस देऊन उरलेले पैसे परत करू. सेटिंग आमच्याकडून करून घ्यायचं असेल तर त्याचे पैसे नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते. येताना लॅपटॉप आणा, आणि जिथे पॅन अडतं ती ड्रॉइंगची फाइलही आणा.