गीझरची हिरवी वायर काढू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

परवा रात्री परळच्या मावशीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "हल्ली मी गीझर बंदच करत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय ना, चालू ठेवला की बिल कमी येतं." तीन आठवडे तिचा १५ लिटरचा गीझर दिवसरात्र चालू होता. पुढचं वाक्य ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. गीझर लावला की दोनदा ट्रिप झालं, म्हणजे बोर्डावरचं बटण आपोआप पडून वीज गेली, त्यावरचा उपायही त्याच मेसेजमध्ये होता. प्लगमधली हिरवी वायर काढून टाकायची. शेजारचा मुलगा रविवारी येऊन काढून देणार होता.

मी २६ वर्षं या शहरात वायरिंगची कामं करतोय. तसाच निघालो, तिच्या घरी जाऊन गीझर बंद केला आणि तो मेसेज पूर्ण वाचला. कुणा 'निवृत्त वीज अभियंत्या'च्या नावाने पाच सल्ले आहेत: गीझर चोवीस तास चालू ठेवा, कारण थंड पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारी कळ, कमाल ठेवा. कॉइलवर क्षार बसला की बिल दुप्पट येतं. पॉवर सेव्हर नावाची डबी प्लगमध्ये खोचा. आणि गीझर ट्रिप होत असेल तर अर्थिंगची हिरवी वायर काढा.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या चारांनी पैसे जातील, याने माणूस जाईल.

वायर काढली की ट्रिप होणं बहुतेक वेळा थांबतं. तेवढं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात. पण ट्रिप का होत होतं ते बघा. गीझरच्या टाकीत धातूच्या नळीत बसवलेली कॉइल असते. ती नळी तडकली की वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरते. हिरवी वायर ही गळती थेट जमिनीत नेते. बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट सतत ताडून बघत असतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपियरचा फरक पडला की सप्लाय तोडतो. हिरवी वायर काढली की गळतीला वाट उरत नाही, म्हणून तो गप्प बसतो. तडा तिथेच, पत्रा तसाच जिवंत. मग गळतीला जमिनीपर्यंत नेणारी पहिली वाट म्हणजे ओल्या अंगाने, अनवाणी नळाला हात लावणारा माणूस. घरात आरसीसीबी नसेल आणि नुसता एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, असेल तर तो वाचवणार नाही. १६ अँपियरच्या एमसीबीला एवढासा करंट कळतसुद्धा नाही, आणि माणसाचा जीव घ्यायला तेवढा पुरतो.

मावशीच्या गीझरची कॉइल मेगरवर, म्हणजे वीजगळती तपासण्याच्या यंत्रावर, तपासली. लिकेज होतं. काढून बघितली तर नळीला केसासारखी बारीक भेग. म्हणजे आरसीसीबी त्याचं काम चोख करत होता आणि मेसेज त्याचं तोंड बंद करायला सांगत होता.

परळ, लालबाग, गिरगावच्या जुन्या इमारतींसाठी आणखी एक गोष्ट, जी मला दर महिन्याला दिसते. पूर्वी अर्थिंग म्हणून लोखंडी पाण्याच्या पाइपाला वायर गुंडाळायचे. नंतर दुरुस्तीत पाइप प्लॅस्टिकचे झाले, वायर मात्र तशीच गुंडाळलेली राहिली. बोर्डात हिरवी वायर दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवतात. न्यूट्रल कुठे तुटला तर गीझरचा पत्रा थेट फेजवर येतो. तुमची इमारत जुनी असेल तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. नुसत्या टेस्टरने ते कळत नाही.

आता पहिला सल्ला, ज्यावर सगळ्यांचा विश्वास बसलाय. तापवायला सुरुवात करताना वीज जास्त ओढली जाते, ही समजूत मोटरवरून आली असावी. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेते, पण त्या क्षणाने बिलात काही फरक पडत नाही. कॉइलला तर तसा झटकाही नसतो. ती पहिल्या मिनिटाला २००० वॅट घेते आणि शेवटच्यालाही २००० वॅटच. एक युनिट वीज गेली की एक युनिट उष्णता, ना कमी ना जास्त. म्हणून बिल दोनच गोष्टींवर ठरतं: गरम पाणी किती वापरलं, आणि टाकीतून उष्णता किती निसटली.

ही निसटणारी उष्णता गीझरवर छापलेली असते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलवर स्टँडिंग लॉस म्हणून आकडा असतो. आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवलं तर २४ तासांत किती युनिटं नुसती वाया जातात, तो. तारे त्यावरच मिळतात. चालू ठेवल्याने वीज वाचत असती तर हा आकडा छापायचं कारणच नव्हतं.

समजा लेबलवर ०.७ आहे. मुंबईत बाहेर २५ अंश आणि टाकीत ६० धरले तर फरक ३५ अंशांचा, म्हणजे रोज सुमारे ०.५४ युनिट हवेत. आता वापर बघा. १८ लिटरची बादली २५ वरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.३१ युनिट लागतं. मावशी आणि काका, दोन बादल्या, ०.६३ युनिट. म्हणजे अंघोळीला जेवढी वीज लागते जवळपास तेवढीच नुसतं पाणी तापतं ठेवण्यात गेली. महिन्याला १६ युनिटं. बेस्ट असो वा उपनगरातली कंपनी, आपलं बिल टप्प्यांचं असतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत वरचा. ही १६ युनिटं तुमच्या सगळ्यांत महाग टप्प्यात जाऊन बसतात.

अर्धसत्य असेल तर ते असं. घरात पाच माणसं सकाळी एकामागून एक अंघोळ करत असतील तर मध्येमध्ये बंद-चालू करून काही वाचत नाही. तेवढा तासभर राहू द्या. आणि थंड देशांत हीट पंपाने घर गरम ठेवतात, तिथे तापमान फार खाली-वर करू नका असं सांगतात, कारण घाईने तापवताना पंपासोबत जादाची कॉइल सुरू होते आणि ती पंपापेक्षा कितीतरी जास्त वीज खाते. हा सल्ला कुठेतरी तिथून घसरत आपल्या न्हाणीघरात आला असावा. पण ते पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतात, एका युनिटात तिनेक युनिटांची उष्णता देतात. आपल्या गीझरमध्ये तसलं काही नाही. शिवाय त्याच देशांत साध्या भट्टीने (फर्नेसने) तापवलेल्या घरांना उलटं सांगतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे की रोज आठ तास घराचा थर्मोस्टॅट ७ ते १० फॅरनहाइट अंशांनी खाली ठेवला तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत खर्च वाचतो.

थर्मोस्टॅट कमालवर ठेवून वाचत नाही. पाणी जितकं जास्त तापलं तितकी टाकीतून निसटणारी उष्णता जास्त, आणि लहान मुलांना भाजण्याची भीती वेगळी. ५५ ते ६० पुरे.

क्षाराने बिल दुप्पट होत नाही. कॉइल पाण्यातच असते, उष्णता पाण्यातच जाते, फक्त उशिरा. खरा तोटा असा की क्षाराच्या थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते आणि तडकते. मग सुरू होतं ते ट्रिप होणं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी कॉइल वर्षाकाठी तपासून घ्यावी.

पॉवर सेव्हर डबीत साधा कपॅसिटर असतो. कॉइलला त्याचा उपयोग शून्य, आणि घरगुती बिल युनिटांवर येतं, जी त्याने कमी होत नाहीत. त्या पैशात आरसीसीबीसाठी हातभार लागेल.

मावशीकडे नवी कॉइल बसवली आणि अर्थिंग मोजलं, ते ठीक निघालं. आता ती अंघोळीआधी वीस मिनिटं गीझर लावते, कारण २००० वॅटला १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला तेवढाच वेळ लागतो. शेवटचा माणूस आत शिरण्याआधी बटण बंद करते. हे महत्त्वाचं आहे: गरम नळ सोडला की टाकीत थंड पाणी भरतं, आणि बटण चालू राहिलं तर ते नव्याने तापून दिवसभर कुणाच्याही उपयोगाविना उभं राहतं. बंद करून अंघोळ केली तर झटक्याचा धोकाही कमी होतो.

शेजारच्या मुलाला मी ती तडकलेली कॉइल दाखवली. तो कधीचा मेसेज पाठवत होता म्हणाला, निदान चाळीस घरांना. त्या चाळीस घरांना त्याने त्याच रात्री फोटो पाठवला. तुम्हाला तो मेसेज आला असेल आणि तुम्ही पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवलात त्यांना आजच फोन करा आणि विचारा, हिरवी वायर जागेवर आहे ना.