बॉबिनच्या स्क्रूला हात लावणं बंद करा!

शिलाई मशीनवर शिवताना कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतोय? दोष वरच्या दोऱ्यात आहे. वरच्या! सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा, पण ज्याला विचारावं तो एकच मंत्र देतो: "बॉबिन बघ, बॉबिनचा स्क्रू आवळ." बॉबिन म्हणजे मशीनच्या पोटातली खालच्या दोऱ्याची छोटी रीळ. गुंता खाली दिसतो, म्हणून खालचा दोरा गुन्हेगार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! या बंबापायी चांगली चालती मशीनं पलंगाखाली धूळ खात पडतात, आणि शिवायची मनापासून आवड असलेली माणसं "मला नाही बाई जमत" म्हणून कायमची बाजूला होतात. याचा मला भयंकर संताप येतो.

मध्यंतरी ओळखीतली एक मुलगी तिचं मशीन घेऊन आली. नवंकोरं. बॉबिन ज्यात बसते ती डबी, बॉबिन केस, हातात घेतली तर त्या चिमुकल्या स्क्रूची खाच पार खाऊन गेलेली, चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने पिळून पिळून. त्याखालची पोलादाची पातळ पट्टी एका बाजूला उचललेली आणि तिच्याखाली अर्धवट तुटलेला निळा दोरा अडकलेला. कुणी आवळ म्हणालं होतं, कुणी सैल कर म्हणालं होतं. जिथून मशीन घेतलं तिथे फोन केला तर उत्तर काय, "अजून हात बसला नाही तुमचा, सवयीने येईल." कसली सवय? मशीन घेताना तिला कुणी धड दोरा ओवून दाखवला नव्हता! ती पोर रडायची बाकी होती. केस बदलली, कापड दाबून धरणारा पाय, प्रेसर फूट, वर उचलून दोरा पहिल्यापासून ओवला, आणि पुढची टीप दोन्ही बाजूंनी सारखी पडली. इतकंच होतं ते.

टाका पडतो कसा, हे मशीन विकणारी माणसं गिऱ्हाइकाला का सांगत नाहीत? किती वेळ लागतो सांगायला? सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते. तळ गाठून दोनेक मिलिमीटर वर येते, आणि तेवढ्यात तिच्या मागच्या अंगाला दोऱ्याचा एक छोटा फास सुटतो. बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलच्या हुकाचं टोक तो फास पकडतं, मोठा करतं आणि अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग समोर वरखाली होणारी ती भोकाची दांडी, टेक-अप, जादा झालेला सगळा दोरा वर खेचून घेते आणि दोन दोऱ्यांची अढी कापडाच्या थरांमध्ये जाऊन बसते. टोकाशी नेढं असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका, याचं अमेरिकेतलं पेटंट एलियास होवेने १८४६ साली घेतलं. तेव्हापासून घरातल्या मशीनच्या टाक्याचं मूळ तत्त्व तेच आहे. एवढ्या काळात ही चार वाक्यं गिऱ्हाइकापर्यंत पोचू नयेत?

ही चार वाक्यं कळली की गुंत्याचं कोडं तिथेच सुटतं. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला चिमटून ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलाच नसेल, तर टेक-अप ओढते तेव्हा दोरा खालून वर येत नाही. रिळावरून विनासायास सुटून येतो. खालचा फास खालीच राहतो. पुढच्या टाक्याला आणखी एक, त्याच्या पुढे आणखी एक. तो गठ्ठा सगळा वरच्या दोऱ्याचा असतो! पटत नसेल तर वर एक रंग आणि बॉबिनमध्ये दुसरा रंग घालून शिवा, डोळ्यांनी दिसेल.

आणि दोरा चकत्यांमध्ये का बसत नाही? कारण फूट खाली असताना ओवलेला असतो. फूट खाली असलं की चकत्या एकमेकींना घट्ट मिटतात, दोरा त्यांच्या कडेवरून घसरत जातो. फूट वर उचललं की उघडतात. म्हणून फूट वर, सुईही सगळ्यात वर, मग ओवायचं. ओवून झालं की फूट खाली घ्या आणि सुईजवळचा दोरा हळूच ओढून बघा. वाकायला लागावी इतपत सुई ओढली गेली, म्हणजे दोरा बसला. सरसर आला, तर बसलेला नाही, परत ओवा. एवढी सोपी परीक्षा, आणि ती माहीत नसल्यामुळे माणसं महिनोन्‌महिने स्वतःला अडाणी समजत बसतात.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं, हे मला ऐकवू नका. बघितल्यात मी पुस्तिका. एकच पुस्तिका पाच मॉडेलांना, आपलं मॉडेल कुठलं ते आपण शोधायचं. बाणांनी भरलेलं चित्र, त्यात दोऱ्याची रेघ आणि मशीनची रेघ एकाच जाडीची. "फूट वर करा" हे वाक्य असतं, आहे ना, पण वायर ओढू नका आणि मशीन उन्हात ठेवू नका या सूचनांच्याच सुरात. का वर करायचं, न केल्यास काय होईल, याबद्दल अवाक्षर नाही. ज्या एका गोष्टीवर सगळी शिवण उभी आहे ती ठळक, मोठ्या टायपात, कारणासकट छापायला काय हरकत आहे? छापा ना मशीनच्याच अंगावर! तिथे "१०० प्रकारचे टाके" असं चकचकीत स्टिकर लावायला जागा मिळते.

त्या शंभर टाक्यांचं तर नावच काढू नका. घरात रोज लागते सरळ टीप, झिगझॅग आणि काजं. बदकं आणि फुलं काढणारे टाके कोण किती वेळा वापरतं? त्यांची जाहिरात धूमधडाक्यात, आणि पेटीत सुया मात्र दोन-तीन, त्याही एकाच जातीच्या. "हेवी ड्यूटी" हा दुसरा शब्द. कुठल्या कापडाचे किती थर, कुठली सुई, किती जाड दोरा, काही सांगायचं नाही. डेनिमच्या शिवणीवर शिवण आली, मशीन घुं घुं करत थांबलं, की परत आपणच दोषी: "ताकद लावून चालवलंत."

सुईबद्दलची बेपर्वाई तर विचारूच नका. सुई ही वेळच्या वेळी बदलायची वस्तू आहे. ती मोडेपर्यंत वापरणं म्हणजे कापडाची आणि आपल्या जिवाची वाट लावणं. साधारण आठ तासांचं शिवणकाम झालं की बदला, असा एक ढोबळ हिशोब शिवणारे लोक सांगतात, आणि तो बरोबर आहे. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो. सपाट बाजू कुठे यायला हवी हे मशीनवर ठरतं. आजच्या बहुतेक मशीनमध्ये मागे, काही जुन्या मशीनमध्ये बाजूला. त्याच अंगाला नेढ्याच्या जरा वर एक खाच असते, आणि हुकाचं टोक त्या खाचेत शिरून फास पकडतं. सुई जराशी फिरली किंवा पुरती वर गेली नाही, की हुकाला फास सापडत नाही, टाका सुटतो. पाकिटावरच्या ८०/१२ मधला ८० म्हणजे सुईची जाडी ०.८० मिलिमीटर. हे कळलं तर माणूस आपणहून विचार करेल, की तलम कापडाला ७० घ्यावी आणि जाड डेनिमला १००. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची, म्हणजे बॉल पॉइंट सुई लागते, कारण ती विणीचे धागे न तोडता बाजूला सारते. साध्या सुईने ते कापड शिवायला बसा, तीन टाके पडतात, दोन सुटतात, आणि पुन्हा कुणीतरी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठतं! अरे, आधी सुई बदला. सुई आणि दोरा सोडून पहिल्या झटक्याला दुसऱ्या कशाला हात लावायचाच नाही.

बॉबिनचाही खरा दोष असतो कधीकधी, नाही कशाला म्हणू. पण तो वेगळा. सगळ्या बॉबिन सारख्याच दिसतात आणि विकणाराही "सगळ्याला बसते ही" म्हणून हातात ठेवतो. बसत नाही! उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी ती केसमध्ये खडखडते नाहीतर घासते. आपल्या मशीनबरोबर आलेली बॉबिन सोबत नेऊन, शेजारी शेजारी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि भरताना ती सैल, फुगीर, एका बाजूला चढलेली भरली असेल तर ती उसवून परत भरा, तशीच रेटू नका.

आता साफसफाई. "मेंटेनन्स फ्री", "तेल लागत नाही"! हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. काही मशीनच्या आत तेल धरून ठेवणारे सच्छिद्र धातूचे बेअरिंग असतात, तिथे घरी तेल घालायचं नसतं, हे खरं. पण त्याचा अर्थ मशीन उघडून बघायचंच नाही असा होतो का? घेणाऱ्याला तर तेवढंच ऐकू जातं. सुईखालची प्लेट काढून बघा एकदा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधे लव साचून साचून नमद्यासारखी घट्ट झालेली असते. चिमट्याने उचलली की दात्यांचा ठसा घेऊन अखंड पट्टीच्या पट्टी बाहेर येते. दात्यांना वर यायला जागाच उरत नाही, मग कापड सरकत नाही, मग आपण मागून ओढतो, ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते, प्लेटच्या भोकाला चरा पडतो, आणि त्या चऱ्यावर पुढे प्रत्येक दोरा तुटतो. एका ब्रशने थांबलं असतं हे सगळं. तोंडाने किंवा हवेच्या डब्याने फुंकर मारू नका, लव आणखी आत जाते.

तेल जिथे सांगितलंय तिथे शिवणाच्या मशीनचंच घाला, पातळ, पाण्यासारखं, एक थेंब. स्वयंपाकाचं तेल कालांतराने चिकट होऊन मशीन जाम करतं. वरून बॉबिन टाकायच्या कित्येक मशीनमध्ये त्या प्लास्टिकच्या खोबणीत तेल घालायचंच नसतं, तेव्हा या एका बाबतीत पुस्तिका उघडावीच लागते, कितीही राग आला तरी.

आणि दुरुस्ती! मशीन ठेवून घेतात, दोन दिवसांनी परत देतात, "टायमिंग गेलं होतं." टायमिंग म्हणजे सुई तळातून वर येण्याचा आणि हुकाचं टोक तिच्यापाशी पोचण्याचा मेळ. सुई जोरात कशावर आपटली, जाड शिवणीत मशीन अडकलं असताना मोटर रेटली, तर तो बिघडतो, बिघडू शकतो. पण दर वेळी, दर मशीनचं, टायमिंगच कसं जातं? मी विचारलं, कशामुळे गेलं, दाखवा. तर म्हणे, "ते तुम्हाला नाही कळायचं, ताई." का नाही कळायचं? चाक हाताने आपल्याकडे फिरवून, प्लेट काढून, हुक सुईच्या मागून जाताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. मला दिसतो, शाळेतल्या पोरालाही दिसेल. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

म्हणून आता दुरुस्तीला मशीन देताना मी आधी स्वच्छ करते, नवी सुई घालते, बिघडलेली टीप ज्या कापडावर पडली तो तुकडा फुटाखाली तसाच ठेवून देते, आणि घ्यायला जाताना त्याच कापडाचा दुसरा तुकडा नेते. तिथेच, माझ्यासमोर, त्याच दोऱ्याने शिवून दाखवा. काय बिघडलं होतं ते पावतीवर लिहा. नुसतं "सर्व्हिसिंग" चालणार नाही. भाग बदलला असेल तर जुना भाग माझ्या हातात द्या. तोंड वाकडं करतात, करू देत.