साडेसत्तावीसची साडेसाती

रविवारी सकाळी सायकलवर पोखर्णीच्या नृसिंहाला जायचं, हा माझा जुना नेम. तीन वर्षांपूर्वी भाचा लातूरहून परभणीला कृषी विद्यापीठात शिकायला आला. येताना एकोणतीस इंची चाकांची सायकल घेऊन आला. तेव्हापासून देव आधी त्याला दिसतो, मग मला. मी घामानं निथळत पोचतो, तर हा पायरीवर बसून अर्धं नारळ संपवून मोकळा. वर मलाच समजावतो, "मामा, तुमचं काय नाही. चाक बारकं पडायलंय तुमचं."

माणसाला वयाचा दोष चाकावर ढकलायची संधी आयती मिळाली, तर तो ती सोडत नाही. मीही सोडली नाही.

माझी सायकल २००८ सालची, डोंगरी म्हणून घेतलेली. परभणीत डोंगर नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या किंवा दुकानदाराच्या लक्षात आली नव्हती. पण डोंगराची उणीव रस्त्यांनी भासू दिली नाही. चाकं सव्वीस इंची. पुढे-मागे रिंगेला दोन्हीकडून धरणाऱ्या दोन दांड्यांचे ब्रेक. हँडलवर एक छोटा मीटर, किलोमीटर दाखवणारा. तेवढं एकच यंत्र माझ्या घरात खरं बोलतं, अशी तोवर माझी समजूत होती.

आता मोठं चाक म्हणजे कुठलं? एकोणतीस माझ्या सायकलच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, मावणार नाही, हे मलाही कळत होतं. मधलं माप साडेसत्तावीस. हे काही हलकं प्रकरण नव्हे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीचं सुवर्ण एकोणतीसवाल्या कुल्हावीनं नेलं आणि साडेसत्तावीसवाल्या शुर्टरनं रौप्य. मला पोखर्णीपर्यंत रौप्यसुद्धा चाललं असतं.

मग मी मापांचा अभ्यास केला आणि त्यात माझी झोप गेली. टायर रिंगेवर जिथं बसतं, तिथला व्यास हे खरं माप. बाकीचे इंच म्हणजे घरात हाक मारायची नावं. माझ्या सव्वीसचा तो व्यास ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४, एकोणतीसचा ६२२. इथपर्यंत ठीक. पण आमच्या मुलीच्या लेडीज सायकलच्या टायरवर २६ × १ ३/८ लिहिलेलं, आणि त्याचा व्यास ५९०! म्हणजे पोरीची सव्वीस ही साडेसत्तावीसपेक्षा मोठी. गावाकडे गोठ्यात वडिलांची काळी अठ्ठावीस इंची सायकल टांगलेली आहे. तिच्या टायरवरची धूळ पुसून बारीक अक्षरं वाचली, तर ६३५. भाच्याच्या एकोणतीसपेक्षा तेरा मिलिमीटर जास्त. अण्णांना सांगितलं, तर ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "मग? तिच्यावर दोन पोती सरकी अन् तुझी माय, दोन्ही आणलेत मी. त्याच्या सायकलला कॅरिअर तरी हाय का?"

अण्णांच्या सायकलचा भाच्यावर डाव टाकून पाहिला. त्यानं फोनमधून मान वर केली नाही.

शेवटी साडेसत्तावीसची चाकजोडी टायर-ट्यूबसकट ऑनलाइन मागवली. साडेसहा हजार. ऐन मे महिन्यात, बेचाळीस अंशात, भला मोठा चपटा खोका दारात आला. बायकोला वाटलं, कूलरच्या जाळ्या आल्या. खोका उघडल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "आधीची चाकं फिरत नव्हती का?" याला उत्तर नसतं.

वसमत रोडला आमचे सायकलवाले चाचा आहेत. समोर पाण्याचं घमेलं, डोक्यावर ट्यूबांची तोरणं, आणि हातातल्या स्पोक-चावीनं कुठल्याही चाकाचा आउट काढायची अशी हातोटी की चाक लाजेनंच सरळ व्हावं. चाचांनी नवं चाक दोन बोटांवर धरून फिरवलं, रिंगेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सर, ये डिस्कवाली रिंग है. इसकू ब्रेक का रबर लगताच नै."

"आपण लावू ना."

"कायकू पैसे डालरे सर?"

पैसे आधीच 'डाल'ले होते, त्यामुळे मी गप्प बसलो. चाचांनी पुढचं चाक चिमट्यात बसवलं. बसलं! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी ब्रेक दाबून दाखवला. व्यासात पंचवीस मिलिमीटर वाढले म्हणजे रिंग साडेबारा मिलिमीटर वर सरकली, करंगळीच्या रुंदीएवढी. ब्रेकच्या दांड्यांची खिळ मात्र चिमट्याला कायमची जोडलेली, ती कुठं सरकणार? रबर खाचेत होतं तेवढं वर ओढलं, तरी ते रिंगेखाली जाऊन थेट स्पोकांवर टेकलं. चाचांनी चाकाला हलका झोका दिला. टर्रर्र! पोळ्याला पोरं काठी घेऊन कुंपणावरून ओढत नेतात, तसा आवाज.

डिस्क ब्रेकला रिंगेशी देणंघेणं नसतं, तो धुऱ्याजवळच्या तबकडीला धरतो, म्हणून ज्यांच्या सायकलला डिस्क आहे त्यांचं पुष्कळदा निभतं. पण डिस्कचा ब्रेक कसायला चिमट्यावर आणि फ्रेमवर जागा लागते. माझ्या फ्रेमवर तिथं नुसता रंग होता, तोही उडालेला. मागच्या चाकाची तर आणखी वेगळी कथा. माझ्या जुन्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसतं, नव्या हबला सरकवून बसवायची कॅसेट लागते. ती कथा चाचांनी ऐकूनच घेतली नाही. "नको," म्हणाले आणि पंक्चरच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी हट्टाला पेटलो. पुढचं नवं, मागचं जुनं असं करू म्हटलं. मागचा ब्रेक आहेच की. एका जुवाला एकीकडं देवणी बैल अन् दुसरीकडं गोऱ्हा, अशी जोडी घेऊन मी निघालो. हँडल वर आलेलं, नाक आभाळाकडं. खरं सांगतो, पहिला अर्धा किलोमीटर मी ऑलिंपिकात होतो. टायर आणि चिमट्याच्या पुलाच्या मध्ये जेमतेम एक पेन्सिल मावेल एवढी फट होती, पण फट ती फट.

दुपारून अवकाळी आला. वीस मिनिटंच पडला, पण काळ्या रानाला तेवढा पुरतो. संध्याकाळी विद्यापीठाकडच्या कच्च्या रस्त्यानं घराकडं येत होतो. ज्याला काळी माती माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. ती चिकटत नाही, ती वस्तीला येते. टायरच्या गुट्ट्यांत बसली, तिच्यावर आणखी बसली, पेन्सिलभर फट भरली, आणि चाक फिरायचं थांबलं. मी नाही थांबलो. हँडलवरून पुढं झालो आणि बाभळीच्या बुडाशी, काट्यांपासून वीतभर अंतरावर, बसलो. सायकल मागं उभीच होती, चिखलात, स्टँड न लावता. एक शेतकरीदादा बांधावरून बघत होते. म्हणाले, "सर, गाडी लई भारी हाय. ब्रेक न लावता थांबली की."

उरलेले दोन किलोमीटर ती माझ्या खांद्यावर बसून आली.

चाकजोडी परत घेतली जाईना. टायर वापरलेलं, त्यात अर्धा किलो परभणी. दुसऱ्या दिवशी चाचांनी एक शब्द न बोलता जुनं चाक बसवलं आणि पैसेही घेतले नाहीत, हे जास्त लागलं. नवी चाकं सध्या गच्चीवर आहेत. कुरडयांच्या वाळवणावर टाकलेलं लुगडं वाऱ्यानं उडू नये म्हणून बायको ती दोन टोकांना ठेवते. तिच्या मते माप अगदी बरोबर आहे.

मात्र साडेसहा हजार अगदीच पाण्यात गेले असं नाही. मीटरला चाकाचा घेर सांगावा लागतो, त्यावरून तो किलोमीटर मोजतो. माझ्या सव्वीसचा घेर २०७३ मिलिमीटर भरलेला होता. मी बटण दाबून तिथं साडेसत्तावीसचा, २१६८ टाकला. रविवारी पहिल्यांदाच माझा वेग ताशी किलोमीटरभरानं वाढला. पोखर्णीहून परतलो, तर मीटरवर नेहमीपेक्षा दीडेक किलोमीटर जास्त.

भाच्यानं माझा मीटर पाहिला, स्वतःचा पाहिला, पुन्हा माझा पाहिला.

"मामा, तुमी कुण्या वाटेनं आलाव?"

"मोठ्या चाकाच्या," मी म्हटलं, आणि मीटरवर रुमाल टाकला.