गुडघाभर, पण कुणाच्या?

रस्त्यावर पाणी तुंबलं की पलीकडून येणाऱ्याला मी विचारतो, "किती आहे हो पाणी?" तो बेफिकीरपणे सांगतो, "काही नाही, गुडघाभर!" आणि निघून जातो. मी मागून त्याचा गुडघा न्याहाळतो. तो माझ्या मांडीपाशी येतो. आम्हा बुटक्यांना इतरांचं गुडघाभर मांडीला लागतं, कमरेइतकं छातीला लागतं आणि छातीभर म्हणाले की आम्ही घरी परततो.

खोली अंगानं मोजायची ही खोड जुनी. विहीर मोजायची ती परसात. परस म्हणजे पुरुष. माणसानं हात वर करून उभं राहायचं. तळपायापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल तो एक परस. 'पाच परस विहीर' म्हटलं की मला एकावर एक, हात वर करून शरण आलेली पाच माणसं दिसतात. पण कुठली माणसं? खणणावळ परसावर ठरली, तर मालक गावातला सगळ्यात उंच माणूस आणणार आणि खणणारे मला शोधत येणार. उभ्या आयुष्यात माझ्या उंचीला मागणी असलेला हा एकमेव धंदा, आणि आता तिथेही फूटपट्टी आली.

समुद्रावर वाव चालतो. दोन्ही हात आडवे पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. शिशाचं वजन बांधलेली दोरी तळाला टेकवायची आणि ओढून घेताना हातांनी मोजायची. इंग्रजी फॅदमचं मूळही पसरलेल्या बाहूंतच. फक्त पुढे त्याला सहा फुटांवर पक्कं केलं, म्हणजे पुन्हा उंचांचीच सोय. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर दोन फॅदम पाणी लागलं की बोट सुखरूप, म्हणून 'मार्क ट्वेन', म्हणजे 'खूण दोनची', अशी आरोळी उठायची. लेखक सॅम्युएल क्लेमेन्सनं तेच टोपणनाव घेतलं. मी 'दोन वाव' नावानं लिहिलं, तर संपादक म्हणतील, अजून बराच आहे.

१८७५ मध्ये चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजानं प्रशांत महासागरातल्या खोल मारियाना गर्तेत दोरी सोडली, ती ४४७५ फॅदमवर टेकली. आठ किलोमीटरांहून जास्त! शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'गणितात सुधारणेला वाव आहे' असा शेरा असायचा. हा वाव निराळा, मान्य. पण बाईंनी शेजारी आकडा टाकला असता, तर वडिलांनी शिकवणीचे पैसे तरी वाचवले असते.