सहा पायांचा तो ‘नॅनोरोबो’ खरा कोण?

षटकोनी डोके आणि सहा वाकडे पाय असलेले एक चित्र ‘लशीतून शरीरात सोडलेला धातूचा नॅनोरोबो’ म्हणून फिरते आहे. हा दावा चुकीचा आहे. चित्रातला आहे टी४ हा जीवाणूभक्षक विषाणू. तो कुणी बनवलेला नाही. असे विषाणू निसर्गात सर्वत्र आहेत आणि १९१५-१७ पासून विज्ञानाला माहीत आहेत.

ते ‘पाय’ म्हणजे प्रथिनांचे लांब तंतू. प्रत्येक सुमारे १४५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लांब, मध्ये गुडघ्यासारखा वाकलेला. टोकाला जीपी३७ या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफून बारीक सुई तयार होते. २०१० मध्ये या सुईची रचना उलगडली, तेव्हा आत एका रांगेत लोहाचे सात आयन (विद्युतभारित अणू) सापडले. धातू आहे तो असा, मोजक्या आयनांच्या रूपात! आपल्या हिमोग्लोबिनमध्येही लोह असतेच, म्हणून कुणी त्याला यंत्र म्हणत नाही.

ही सुई ई. कोलाय जीवाणूच्या बाह्य आवरणावरील ओएमपीसी हे प्रथिन किंवा लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करा जोडून बनलेला रेणू) ओळखते. ही पकड सैल असते, सुटू शकते. ती जमली की विषाणूच्या शेपटीखालच्या तळपट्टीतून जीपी१२ या प्रथिनाचे आखूड तंतू उलगडतात आणि घट्ट चिकटतात. मग शेपटी आकसून डीएनए आत जातो. माणसाच्या पेशीवर हे ओएमपीसीही नाही आणि ते लिपोपॉलिसॅकराइडही नाही, त्यामुळे टी४ तिला बाधित करू शकत नाही. कृपया ते चित्र पुढे पाठवू नका.